कोण वाचतं ती जुनी पानं?

आपल्या प्रोजेक्टची साइट नव्याने बांधायची चर्चा चालली होती, मी जुन्या पानांचे पत्ते जपायचा विषय काढला, तर एकजण एवढंच म्हणाला, तेही जाता जाता. मग बटण निळं की हिरवं यावर सगळी चर्चा वळली आणि जो तो हिरिरीने बोलायला लागला. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये.

कोण वाचतं? ज्याचं काम अडलंय तो वाचतो. आपलाच प्रोग्राम अडखळला की एरर मेसेजखाली मदतीच्या पानाची लिंक छापतो. डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या स्टेबल आवृत्तीत गेलेलं आपलं पॅकेज साधारण तीन वर्षं, एलटीएस म्हणजे वाढीव देखभाल धरून पाच वर्षं लोकांच्या मशीनवर राहतं. साइट आपण एका रात्रीत बदलू. त्या पॅकेजमधल्या लिंका कोण बदलणार?

साइट बनवायला जेकिल हे साधन सोडून ह्यूगो घ्यायचं ठरलं, ते चांगलंच आहे, साइट झटपट बिल्ड होते. पण जेकिलमध्ये पोस्टचा पत्ता मुळात वर्ष, महिना, दिवस घेऊन 'डॉट एचटीएमएल'वर संपतो आणि ह्यूगोचा नुसत्या स्लॅशवर. म्हणजे मजकुराला हात न लावताही पत्ते मोडले. 'ह्यूगोत एलियास आहेत की' असं उत्तर तयार असतं. आहेत ना. पण एलियास म्हणजे जुन्या पत्त्यावर ठेवलेलं एक छोटंसं पान, जे ब्राउझरला पुढे पाठवतं. स्टॅटिक होस्टिंगवर, म्हणजे तयार फाइली जशाच्या तशा दिल्या जातात तिथे, सर्व्हर त्याला २०० ('पान मिळालं') म्हणतो, ३०१ ('पत्ता कायमचा बदललाय') नाही. कर्ल या कमांडने फाइल ओढणारी स्क्रिप्ट तिथेच थांबते. ३०१ सर्व्हरच्याच कॉन्फिगमध्ये लागतात, एकेका पानाचा वेगळा. सगळं उचलून होमपेजवर वळवणं हा तर आळस: प्रिंटिंगची अडचण घेऊन आलेल्याला आपण बॅनर दाखवणार, आणि गूगल असल्या वळवण्याला सॉफ्ट ४०४ च, म्हणजे 'पान सापडत नाही' असंच समजतं.

सगळ्यात चोरटी गोष्ट अँकरची, म्हणजे पानातल्या एखाद्या मथळ्यावर थेट नेणाऱ्या लिंकची. पत्त्यात हॅशच्या पुढचं सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. मथळा जरा सुबक केला की त्याचा आयडी बदलतो, पान उघडतं पण वरच्या टोकाला, आणि लॉगमध्ये ४०४ ची नोंदही नाही. मथळे बदलायचे असतील तर खुशाल बदला, जुना आयडी तेवढा हाताने लिहून ठेवा.

भाषांतरांचंही तेच. मूळ इंग्रजी वाक्यात एक स्वल्पविराम हलवून पीओ फाइल (भाषांतरांची यादी) अपडेट केली की गेटटेक्स्ट हे भाषांतराचं साधन ती नोंद फझी, म्हणजे संशयित, करतं, कंपाइल होताना ती गळते, आणि पानावर इंग्रजी उगवतं. भाषांतरवाल्यांना कुणी विचारलंय का... असो.

वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. मी काही नवीन सांगत नाहीये. म्हणूनच लागतं मनाला. साइटमॅपमधून, म्हणजे साइटच्या पानांच्या यादीतून, सगळे जुने पत्ते काढले, लॉगमध्ये कुठल्या पानांवर बाहेरून लोक येतात ते पाहिलं, जुना पत्ता आणि नवा पत्ता असा तक्ता मांडला, आणि त्यावर कुणाचं हो नाही की नाही नाही. कोण वाचतं जुनी पानं! तक्तासुद्धा कोण वाचतं म्हणा.

पण आता लिहिता लिहिता हसू येतंय. रंगावर मत द्यायला डोळे पुरतात, तक्त्यावर मत द्यायचं तर तो आधी वाचावा लागतो. आणि अपाचे या ओपन सोर्स संस्थेची ती रीत आपणही उचलली आहेच की: प्रस्ताव मांडा, ७२ तास थांबा, हरकत आली नाही तर मंजूर. बटणावर हरकतींचा ढीग पडलाय, ते या जन्मी मंजूर होईलसं दिसत नाही. माझा तक्ता, ज्याला कुणी ढुंकून पाहिलं नाही, तो बिनविरोध पास.

तेव्हा ३०१ ची फाइल मर्ज करून टाकते. जुने पत्ते एकेक करून कर्लने तपासायचे, सर्व्हरच्या उत्तरात स्टेटस ३०१ आणि लोकेशनमध्ये थेट शेवटचा पत्ता. मध्ये दुसरी उडी नको. बटणाचा रंग तुम्ही ठरवा. फक्त त्यावरच्या पांढऱ्या अक्षरांशी कॉन्ट्रास्ट ४.५:१ च्या खाली जाऊ देऊ नका. तो परवाचा पोपटी तर अजिबात नको.