पित्तनळी कापली गेली: दावा टिकतो कुठे, पडतो कुठे

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनळीच कापली गेली, की घरच्यांच्या मनात खटला तिथेच जिंकलेला असतो. नको ती नळी कापली, आता आणखी पुरावा कसला? पण ही इजा अनुभवी सर्जनकडूनही होते. हजार ऑपरेशनांमागे ३ ते ५ हे प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पोट उघडून करायच्या जुन्या पद्धतीत ते १ ते २ होतं. म्हणून हलगर्जीपणा ठरवताना इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यापासून प्रश्न असा विचारला जातो: त्याच शाखेतला जबाबदार डॉक्टर असाच वागला असता का? संमतीपत्रात ‘पित्तनळीला इजा होऊ शकते’ असं छापलेलं असलं, तरी सर्जन त्यानं सुटत नाही. सही धोक्याला असते, हलगर्जीपणाला नाही.

चूक बहुतेकदा डोळ्यांची असते. पित्ताशयाची स्वतःची नळी (सिस्टिक डक्ट) २-३ मिलिमीटर जाडीची, मुख्य नळी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत. सूज असली आणि पित्ताशय जोरात ओढून धरलं, की दोन्ही एका रेषेत येतात आणि मुख्य नळीच पित्ताशयातून निघाल्यासारखी दिसते. अशा २५२ इजांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९७ टक्के वेळा मूळ कारण हा दृष्टिभ्रम होतं. हाताचं कसब कमी पडल्याची उदाहरणं जेमतेम ३ टक्के. त्यामुळे ‘सर्जनचा हात चुकला’ या आरोपात फारसा दम नसतो. त्यानं खात्री कशी करून घेतली, हे विचारायला हवं.

खात्रीची रीत सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडली. नळीभोवतीच्या त्रिकोणातली (कॅलॉट ट्रँगल) चरबी आणि तंतू पूर्ण साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात दोनच गोष्टी जाताना दिसायला हव्यात: एक नळी, एक धमनी. तोवर क्लिप (नळी बंद करणारा छोटा चिमटा) नाही, कात्री नाही. नेहमीची क्लिप नळीवर पूर्ण बसत नसेल, तर ती नळी चुकीची असण्याची शंका तिथल्या तिथे यायला हवी. चित्र स्पष्ट होत नसेल तर नळीत औषध सोडून एक्स-रे काढता येतो, पित्ताशय अर्धवट काढून थांबता येतं, पोट उघडता येतं, ज्येष्ठ सहकाऱ्याला हाक मारता येते. अवघड पोटात यातलं काहीच केलं नसेल, तर बचाव दुबळा पडतो.

हे कागदावर शोधायचं तर ऑपरेशन नोट निराश करते. ‘कॅलॉट ट्रँगल डिसेक्ट केला, सिस्टिक डक्ट व आर्टरी क्लिप करून कापली.’ हे एकच वाक्य शंभर रुग्णांच्या केसपेपरवर सापडेल. भूलतज्ज्ञाचा तक्ता जास्त बोलका असतो, कारण त्यात नाडी, रक्तदाब आणि वेळ ऑपरेशन चालू असतानाच नोंदवलेली असते. व्हिडिओ असेल तर तो आधी मागावा. तो पुसला जातो. आणि पॅथॉलॉजीचा अहवाल कुणी वाचतच नाही! काढलेल्या पित्ताशयासोबत मुख्य नळीचा तुकडा आला असेल, तर ते तिथे लिहिलेलं सापडू शकतं.

माझ्या मते मात्र दाव्याचं वजन ऑपरेशननंतरच्या दिवसांत असतं. यातल्या बहुतेक इजा टेबलावर लक्षात येतच नाहीत. एरवी पित्ताशय काढलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी हिंडायला लागतो. नळीला इजा झालेला मात्र पोट धरून पडून असतो, पोट फुगतं, नाडी ११० च्या पुढे, ताप, ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत हिरवट पिवळं पाणी. नर्सच्या तक्त्यात हे सगळं असतं आणि शेजारी डॉक्टरांचा शेरा असतो ‘गॅसेस, धीर दिला’. बिलिरुबिन (रक्तातल्या काविळीची तपासणी) आणि सोनोग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी. पित्त साठल्याचं दिसलं तर एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) किंवा ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीची तपासणी). हे सहाव्या दिवशी झालं असेल तर मधल्या दिवसांचा हिशेब द्यावाच लागतो. तरीही दाव्यात मत देणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरला सांगावं लागतं की दुसऱ्या दिवशी निदान झालं असतं तर नेमकं काय टळलं असतं: पोटातला जंतुसंसर्ग, आयसीयू, की दुसरं ऑपरेशन. नळी तुटली होती म्हणून दुसरं ऑपरेशन अटळच असेल, तर त्याचा खर्च उशिरावर टाकता येत नाही.

दुरुस्ती कुणी केली, तेही पाहावं. आतड्याचा तुकडा वर घेऊन नळीला जोडण्याचं काम यकृत-पित्तमार्गाच्या सर्जनचं आहे. पहिल्याच सर्जननं तिथेच प्रयत्न केला असेल, तर दुरुस्ती सहसा नीट टिकत नाही. आणि चांगली जोडलेली नळीही काही वर्षांनी आकसू शकते. थंडी वाजून ताप, कावीळ, पुन्हा दवाखाना. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी या पुढच्या वर्षांच्या तपासण्या आणि संभाव्य ऑपरेशन रकमेत धरले आहेत का, हे तज्ज्ञाकडून लेखी घ्यावं.