चष्मा घरी राहिला

२००७ च्या उन्हाळ्यात मी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये डोअरकीपर होते. साडेसतराशे खुर्च्या, हातात बॅटरी, काखेत कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा. डोंबिवलीत बाबा नाटकाच्या बुकिंगला बसायचे, त्यामुळे तिसऱ्या घंटेआधीची धांदल मला नवी नव्हती.

संगीत नाटक होतं 'द कलर पर्पल', आणि एप्रिलपासून त्यात सेली ही नायिका करत होती गायिका फँटेशिया बॅरिनो. २००४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ती 'अमेरिकन आयडॉल' ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकली होती. अंतिम फेरीला साडेसहा कोटी मतं पडली होती. पहिलंच गाणं अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. पण अशा विजेत्यांचं कौतुक बहुधा पुढचा विजेता येईपर्यंतच. टीव्हीवर दोन मिनिटं गाणं वेगळं आणि आठवड्याला आठ प्रयोगांच्या नाटकात मुख्य भूमिकेला उभं राहणं वेगळं. तिनं हे दुसरं काम घेतलं, याचं मला फार कौतुक वाटायचं.

त्या दुपारी चर्चच्या मंडळींची एक बस आली होती. बायका ठेवणीतल्या टोप्या घालून आल्या होत्या. सगळे आत गेले, एक आजी मागे राहिल्या. तिकीट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला गं बाळा, जरा बघतेस?"

चष्मा त्यांच्या गळ्यात साखळीला लटकत होता.

आमच्या चाळीतल्या एक काकू पोस्टात पैसे काढायला गेल्या की हेच म्हणायच्या. मी काही बोलले नाही. आजींना खुर्चीवर बसवलं, पत्रिका दिली. त्यांनी ती परत माझ्याच हातात दिली. "फँटेशियाबद्दल काय लिहिलंय, वाच." मी वाकून वाचलं. ऐकून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तिलाही वाचता येत नव्हतं. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. २००५ मध्ये आत्मचरित्रातून तिनंच ते जगाला सांगितलं होतं. ते पुस्तकही तिनं तोंडी सांगितलेलं. करारांवर सह्या केल्या, पण त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. आणि नाटकातली सेली? तिला अक्षरं शिकवते ती तिची बहीण. पुढे त्याच बहिणीची पत्रं नवरा वर्षानुवर्षं दडवून ठेवतो. रोज दाराशी उभी राहूनही या दोन गोष्टी मी जोडून पाहिल्या नव्हत्या. त्या आजींनी पाहिल्या होत्या.

दुसऱ्या अंकात शेवटाकडे सेलीचं 'आय ॲम हिअर' येतं. फँटेशियाचा आवाज किंचित घोगरा, वर चढताना आता फाटतो की काय असं वाटायला लावणारा. सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गायकीचं मूळ चर्चमध्ये आहे आणि तिथं सूर गुळगुळीत असण्यापेक्षा तो पोटातून आलाय का, हे बघतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दुपारी कळलं. गाणं संपायच्या आधीच माणसं उभी राहू लागली. आपल्याकडे संगीत नाटकात 'वन्स मोअर' आला की पात्र पुन्हा गातं. इथं तशी रीत नाही, पण टाळ्या थांबेनात आणि नाटक जागच्या जागी खोळंबलं. उभ्या राहिलेल्यांना बसवणं माझं काम होतं. मी बॅटरी विझवली. आजी टाळ्या वाजवत नव्हत्या. प्रार्थनेत धरतात तसा त्यांनी एक हात वर धरला होता.

फँटेशियाला पुढे २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. २०२३ च्या सिनेमात तिनं पुन्हा सेली केली, तेव्हा मी अंधारात त्या आजींचा हात शोधत होते.

प्रयोग सुटल्यावर आजी माझ्यापाशी आल्या. पत्रिका उघडून म्हणाल्या, "यात तिचं नाव कुठंय?" चष्म्याचं काही बोलल्या नाहीत. मी पेनानं नावाखाली रेघ ओढली.

"पहिलं अक्षर कोणतं?"

"एफ."

"एफ," त्या म्हणाल्या आणि त्यावर बोट ठेवून बसकडे चालू लागल्या.