एक्क्यांची जोडी आणि अठ्ठ्यांची जोडी

यंत्रमाग कारखानदारांचे हिशेब लिहिणे हा माझा गेल्या 19 वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे गोव्याच्या कॅसिनोत पोकरच्या स्पर्धा खेळू लागलो तेव्हा त्याचीही वेगळी वही पहिल्या दिवसापासून ठेवली. तीन वर्षांत त्या वहीत 26 प्रवेश नोंदले गेले आणि बक्षिसाची रक्कम फक्त चार वेळा हाती आली. ही वही चाळताना दोन नोंदींपाशी माझे बोट दर वेळी थांबते.

पहिली नोंद सुमारे दोनशे प्रवेशांच्या एका स्पर्धेची आहे. पहिल्या 27 जणांना बक्षीस होते आणि 29 जण उरले होते. बक्षिसाच्या उंबरठ्यावरच्या या टप्प्याला खेळाडू ‘बबल’ म्हणतात. ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच लावावी लागणारी सक्तीची रक्कम, वाढत असते, चिप्स कमी असलेला प्रत्येक जण दुसरे कोणी आधी बाहेर पडेल या आशेने पत्ते टाकून देतो आणि टेबलावर बोलणे जवळजवळ थांबते. माझ्यापाशी 22 बिग ब्लाइंड, म्हणजे त्यातल्या मोठ्या सक्तीच्या रकमेच्या 22 पट चिप्स होत्या. हाती इस्पिक आणि किल्वरचे एक्के आले. मी रक्कम वाढवली, समोरच्या तरुणाने ऑल-इन केले, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि मी लगेच स्वीकारले. त्याने चौकट आणि बदामचे राजे उघडले. पत्ते पडण्यापूर्वी या लढतीत एक्क्यांची बाजू शंभरातून सुमारे 82 वेळा जिंकते.

टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात. पहिल्या तिनांत, म्हणजे फ्लॉपवर, नव्वी, चव्वी आणि दुर्री पडली; चौथ्यावर, म्हणजे टर्नवर, सत्ती. आता न दिसलेल्या 44 पत्त्यांत मला हरवणारे दोनच होते, उरलेले दोन राजे. डीलरने टेबलावर हलकेच बोटे टेकवली, वरचा एक पत्ता बाजूला सारला आणि शेवटचा पत्ता सरळ केला. तो इस्पिकचा राजा होता. समोरच्या तरुणाच्या चिप्स माझ्याहून जास्त होत्या, त्यामुळे माझी स्पर्धा तिथेच संपली. रात्री दोनच्या सुमारास मांडवी नदीतल्या त्या कॅसिनोच्या जहाजावरून छोट्या बोटीने पणजीच्या धक्क्यावर उतरताना माझे हात थंड पडले होते.

दुसरी नोंद एका जानेवारीतली आहे. प्रवेशशुल्क 30 हजार, प्रवेश तीनशेच्या वर. स्पर्धेच्या उत्तरार्धात माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी होती आणि तासाभरात एकदाही रक्कम न वाढवलेल्या एका वयस्क गृहस्थांनी वाढवून, माझ्या उलट वाढीवर ऑल-इन केले. एवढा संयमी माणूस अशा वेळी कोणते पत्ते घेऊन पुढे येतो, हे मला पुरते ठाऊक होते. पत्ते टाकून देणे हाच योग्य निर्णय होता. मी दमलो होतो, सकाळपासून चांगले पत्ते आले नव्हते आणि मी ‘कॉल’, म्हणजे ‘स्वीकारले’, असे म्हणालो. त्यांच्याकडे राण्यांची जोडी होती. पाचांतून चार वेळा मी तिथे हरलो असतो, पण फ्लॉपवरच अठ्ठी पडली आणि माझ्या तीन अठ्ठ्या झाल्या. त्या चिप्सच्या बळावर मी अंतिम टेबलावर पोहोचलो, पाचवा आलो आणि 4 लाख 60 हजारांचे बक्षीस मिळाले.

परतलो तेव्हा सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती. होम मैदानावर भेटलेल्या प्रत्येक मित्राने पाठ थोपटली, एका कारखानदारांनी तर गर्दीतच मला मिठी मारून “साहेब, डोकं चालवलंत!” असे म्हटले. एक्के हरून आलो होतो त्या वेळी मात्र नव्या पेठेतल्या चहाच्या टपरीवर हेच मित्र मला समजावत होते की इतके पैसे एका डावावर लावायला नको होते. त्यांच्या मनात माझ्याबद्दल केवळ आपुलकी होती, हे मी जाणतो. तरीही ज्या डावाबद्दल शाबासकी मिळाली तो माझ्या वहीतला सर्वांत वाईट निर्णय आहे आणि ज्याबद्दल सांत्वन झाले तो डाव मी उद्याही तसाच खेळेन. तेव्हापासून वहीत जमा आणि नावे यांच्या शेजारी ‘निर्णय’ असा तिसरा रकाना आखला आहे आणि तो निकाल लागण्यापूर्वीच्या माहितीवरच भरायचा, असा नियम केला आहे.

प्रत्यक्ष टेबलावर नशिबाची फिट्टंफाट व्हायला फार काळ लागतो. तासाला 25 ते 30 डाव होतात, म्हणजे दहा तास बसूनही तीनशेच्या आतच. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. म्हणजे दिवसभराच्या खेळात जेमतेम एकदा मिळणारी ती संधी बबलवर गेली, तर पुन्हा तसा क्षण यायला कित्येक महिने जाऊ शकतात. पूर्वी सरावासाठी इंटरनेटचा आधार होता, पण ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीतच; त्यासाठीचा 1976 चा कायदा कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे आमच्यासाठी गोवाच उरतो. जून 2025 पासून सोलापूरहून गोव्याला थेट विमान आहे, त्याआधी विजयपूर-बेळगाव मार्गाने रात्रभर प्रवास करावा लागे.

हरल्यावर चिडून खेळण्याला ‘टिल्ट’ म्हणतात आणि माझे खरे नुकसान त्यानेच केले. एकदा पहिल्या दोन तासांत बाहेर पडल्यावर मी लगेच पुन्हा प्रवेश घेतला, तोही गेला, मग तिसरा घेतला. त्या तिन्ही नोंदींच्या ‘निर्णय’ रकान्यात नंतर मी लाल शाईने फुली मारली.

ज्यांना या खेळाचे आकर्षण वाटते त्यांना बहुधा ख्रिस मनीमेकर यांची गोष्ट ठाऊक असते. 2003 मध्ये इंटरनेटवरच्या एका छोट्या पात्रता स्पर्धेतून आलेल्या या हिशेबनिसाने पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकून 25 लाख डॉलर मिळवले. माझाही पेशा तोच असल्याने ती गोष्ट मला फार जवळची वाटली होती. आता ती आठवते तेव्हा त्या स्पर्धेतले एकूण 839 खेळाडू आठवतात आणि उरलेल्या 838 जणांच्या वह्या कशा असतील, हा विचार मनात येतो.

माझ्या वहीची बेरीज अशी आहे: प्रवेशशुल्क 3 लाख 90 हजार, प्रवास आणि मुक्काम 1 लाख 10 हजार, बक्षिसे 5 लाख 61 हजार. वरवर पाहता 61 हजारांचा फायदा दिसतो. पण जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो आणि हरलेल्या स्पर्धांचे शुल्क त्यातून वजा करता येत नाही. कर भरून हाती सुमारे 3 लाख 86 हजार राहिले, म्हणजे तीन वर्षांचा निव्वळ तोटा 1 लाख 14 हजार.

हा आकडा मी पत्नीला दाखवला. तिने वही दोनदा वाचली आणि विचारले, “अहो, घरखर्चातला यात एक रुपया तरी आहे का?” नव्हता, जास्तीच्या कामांतून साठवलेलेच पैसे होते आणि त्या खात्यात आता 41 हजार उरले आहेत. “मग ते संपेपर्यंत खेळा, आणि संपले की मला सांगा,” एवढे बोलून तिने वही परत दिली. पुढची स्पर्धा 15 हजारांची आहे. त्या नोंदीसाठी पान आखून ठेवले आहे आणि त्यावर ‘पुन्हा प्रवेश नाही’ असे आधीच लिहिले आहे.