गच्चीवर आखलेली जर्मनची बोट

गेल्या मे महिन्यात एका रविवारी, ऊन उतरून फरशी पाय ठेवण्याजोगी झाल्यावर, मी नागपुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर खडूने साडेअठरा फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी एक बोट आखली. शेजारच्या गच्चीवर कूलरमध्ये पाणी भरणारे गृहस्थ बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, ‘‘काय भाऊ, दुसरा मजला काढून राहिले का?’’ बोट आहे म्हटल्यावर ते अधिक काही न विचारता खाली निघून गेले.

बोट घ्यायची होती ती मुलाला, आणि तीही अमेरिकेत. तो मिनेसोटात राहतो आणि तिथल्या तळ्यांमधील मस्की या माशाने त्याला वेड लावले आहे. मस्की हा पाइकच्या कुळातला, लांबट, चपट्या जबड्याचा आणि सुऱ्यांसारख्या दातांचा शिकारी मासा आहे. आपल्याकडच्या मरळीसारखा तोही पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो. ‘दहा हजार फेकींचा मासा’, म्हणजे तितक्यांदा आमिष फेकावे तेव्हा कुठे एक लागतो, अशी त्याची तिकडे ख्याती आहे. मिनेसोटात बहुतेक पाण्यांवर ५४ इंचांहून लहान मस्की ठेवून घेता येत नाही, आणि मोठा सापडला तरी तो सोडून देण्याचीच बहुतेकांची रीत आहे. बोटीची निवड करताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण मासा पकडण्याइतकीच त्याला धडधाकट परत सोडण्याची सोय बोटीत असावी लागते.

मुलाने मला विचारले ते मासेमारीतले कळते म्हणून नव्हे. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर लहानपणी गळ टाकून बसणे, एवढाच माझा त्यातला अनुभव. परंतु हिंगण्याच्या एमआयडीसीत तीस वर्षे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे काम केल्यामुळे त्याचा पहिला प्रश्न ठरलेला होता: ‘‘बाबा, रिव्हेटची घेऊ की वेल्डिंगची?’’ आमच्या आईच्या पिढीने ॲल्युमिनियमला जन्मभर ‘जर्मन’च म्हटले, आणि जर्मनच्या पातेल्याचे रिबिट ढिले झाले की ते ठोकून घेण्यापलीकडे या वादात तिला रस वाटला नसता. माझे उत्तरही तिच्या उत्तराहून फार वेगळे नव्हते. रिव्हेटचा जोड वर्षानुवर्षांच्या आदळआपटीने सैल होऊन पाझरू शकतो, पण तो पुन्हा ठोकून घट्ट करता येतो. वेल्डिंगचा जोड सलग आणि पाणबंद असतो, परंतु थंड अवस्थेत लाटून कडक केलेला पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या दोन्ही बाजूंना नरम पडतो, आणि तिथे तडा गेला तर साध्या कारागिराचे ते काम राहत नाही. दोन्ही पद्धतींच्या चांगल्या बोटी निघतात, तेव्हा तळाचा पत्रा साधारण सव्वातीन मिलिमीटरचा आहे ना आणि आतील आडव्या फासळ्या पुरेशा जवळ आहेत ना, एवढे पाहून हा प्रश्न मिटवावा, असे मी त्याला सांगितले. खरा प्रश्न मांडणीचा होता, आणि तो मला एका फसलेल्या दुपारी उमगला होता.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस आम्ही त्याच्याकडे गेलो असताना, मित्राची सोळा फुटी जुनी बोट मागून आणून तो मला मिल लॅक्स या तळ्यावर घेऊन गेला होता. पाचशेहून अधिक चौरस किलोमीटरचा तो विस्तार पाहून त्याला तळे म्हणावेसे वाटत नाही. चार तास काही लागले नाही. मग एक मासा आमिषामागोमाग थेट बोटीपर्यंत आला आणि काठालगतच त्याने ते धरले. मुलगा ओरडला, ‘‘बाबा, जाळे!’’ जाळे आसनाच्या खांबाखाली दडपलेले होते. मी ते ओढले, तेव्हा त्याच्या दोऱ्यांत जमिनीवर पडलेल्या दुसऱ्या एका आमिषाचे पुढचे आकडे अडकले, आणि त्याच आमिषाचे मागचे आकडे तळाच्या गालिच्यात रुतले. मी गुडघ्यांवर बसून गालिचा, आकडे आणि जाळे यांची सोडवणूक करीत असताना पाण्यात एकदा मोठा फटका ऐकू आला, आणि मग मुलाच्या हातातली काठी सरळ झाली. मासा मला दिसला तो केवळ पाठीच्या हिरवट तपकिरी पट्ट्याएवढा. परतताना मुलगा काही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

म्हणून या वेळी मी त्याला म्हटले की इंजिन किती अश्वशक्तीचे आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा किती इंचांचा हे नंतर पाहू; मासा बोटीपाशी येतो त्या अर्ध्या मिनिटात दोन माणसांचे हातपाय कुठे असतील, ते आधी ठरवू. त्याने तीन बोटींची मापे पाठवली आणि मी एकेक गच्चीवर आखली. जळमटे काढायचा नऊ फुटी बांबू ही आमची काठी झाली, कारण मस्कीच्या काठ्या आता साडेआठ ते नऊ फुटांच्या असतात. अठ्ठावीस इंची सायकलची जुनी रिम दुसऱ्या बांबूला बांधून जाळे तयार केले. खरे जाळे याहूनही मोठे असते. ‘‘अहो, कुरडयांवर पाय देऊ नका,’’ अशी ताकीद देऊन सौभाग्यवती मागच्या डेकवर उभ्या राहिल्या.

पहिली बोट दोन्ही बाजूंना कन्सोल, म्हणजे सुकाणू आणि उपकरणे बसवायचे उभे कपाट, आणि पुढे आडवी काच असलेली होती. थंडीवाऱ्यात तिचा आडोसा उत्तम, आणि मिनेसोटातला मस्कीचा हंगाम गारठ्यातही चालतो, त्यामुळे मुलाचा ओढा तिच्याकडे होता. परंतु दोन कन्सोलांमधली वाट जेमतेम दोन फुटांची निघाली. रिम आडवी धरून मी मागून पुढे धावलो तर ती दोन्ही बाजूंना अडली. उभी करून नेली तर जाळ्याची झोळी जमिनीवरून लोळत जाणार, म्हणजे पुन्हा तेच आकडे. इंजिनाच्या दांड्यानेच सुकाणू धरण्याची दुसरी बोट अगदी मोकळी होती, पण सहा वर्षांच्या नातीला घेऊन गार वाऱ्यात त्या उघड्यावर बसणे सूनबाईंनी साफ नाकारले. उजवीकडे एकच कन्सोल, त्याला छोटी काच, आणि डावा काठ पुढून मागपर्यंत मोकळा, अशी तिसरी बोट त्यामुळे पुढे आली. जाळे त्या मोकळ्या काठालगत, तोंड मागे करून ठेवायचे; लांब पक्कड आणि आकडा कापायची कात्री तिथेच हाताशी. मासा जाळ्यासकट पाण्यातच राहतो, आकडा तिथेच कापला जातो, आणि त्याला बोटीत घेण्याची वेळच शक्यतो येऊ द्यायची नाही.

पुढच्या डेकवर मी सर्वाधिक वेळ घालवला. आमिष बोटीपाशी आले की काठीचे टोक पाण्यात बुडवून आठाचा आकडा काढतात, कारण मागोमाग आलेला मासा पुष्कळदा याच शेवटच्या वळणावर तोंड टाकतो. हा आठ इंग्रजी बरे का, दोन्ही बाजूंनी मिटलेला; आपला मराठी ८ काढला तर मासा उघड्या बाजूने निघून जायचा. नऊ फुटी बांबूने तो रुंद काढायचा तर पायांखाली सपाट आणि ऐसपैस जागा हवी, मध्ये आसनाचा खांब नको, आणि बोट जागेवर धरणारी पुढची विजेची मोटर वर घेतल्यावर ज्या बाजूला आडवी पडते तिच्या विरुद्ध बाजूला उभे राहता यायला हवे. डेक फार उंच असेल तर माशाची हालचाल चांगली दिसते, पण लाटेवर तोल जातो आणि वाकून पाण्यापर्यंत हात पोचत नाही.

उंचीचा हाच पेच तळाच्या आकारातही येतो. मिल लॅक्स उथळ आहे, सर्वांत खोल जागी तेरा मीटरच्या आसपास, त्यामुळे वारा सुटला की तिथे आखूड आणि उभ्या लाटा उठतात. त्या कापायला खोल ‘व्ही’ आकाराचा तळ आणि उंच बाजू लागतात. मात्र उंच बाजूंवर वारा शिडासारखा बसतो, बोट वाहवत जाते, आणि तिला जागेवर धरणाऱ्या विजेच्या मोटरीला जादा जोर लावावा लागतो. शिवाय पुढचे टोक लाटेवर उचलले गेले की आखूड दांड्याच्या मोटरीचा पंखा हवेत फिरतो. तेव्हा खोल तळ, ३६ व्होल्टची मोटर आणि साठ इंची दांडा हे तिन्ही एकत्र घ्यावे, एक घेऊन दुसऱ्यात काटकसर करू नये, असे आमचे ठरले. तीन बॅटऱ्या मागेच रचल्या तर बोट मागे बसते, म्हणून निदान एक मध्यावर सरकवायची.

काठ्यांची पेटी हा साधा मुद्दा, पण दुकानात तो कोणी काढत नाही. पुष्कळ बोटींत ती सात-आठ फुटांच्या काठ्यांच्या हिशेबाने केलेली असते, आणि झाकण नेमके जिथे माणूस उभा राहतो तिथे असते. मुलाने नऊ फुटी काठी प्रत्यक्ष घेऊन जाऊन आत ठेवून पाहिली. ती तिरपी का होईना, बसली. गालिच्याऐवजी व्हिनाइलची जमीन त्याने जास्तीचे पैसे भरून घेतली, ते मी न सांगताच.

बोट आली. आता माझी एकच कटकट शिल्लक आहे. तिच्या ट्रेलरवरील आधाराच्या लाकडी पट्ट्यांना वाळवी-कुज लागू नये म्हणून तांबेयुक्त औषध मारलेले असेल, तर ओल्या अवस्थेत ते तांबे ॲल्युमिनियम खाऊ लागते. मी त्याला पट्ट्या कोणत्या लाकडाच्या आहेत ते विचारून घ्यायला सांगितले आहे. त्याने कारण विचारले, तेव्हा त्याच्या आईने फोन माझ्या हातून घेतला आणि सांगितले, ‘‘आजी जर्मनच्या पातेल्यात चिंचेचे सार ठेवू देत नव्हती ना, तसेच ते.’’