मधलं नाव

लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याचं मधलं नाव ऐकून मी विचारलं होतं, "हे वडिलांचं का?" नाशिकच्या मुलीनं दुसरं काय विचारावं! सासऱ्यांचं मधलं नावही तेच निघालं, आणि त्यांच्या वडिलांचंही. आडनावासारखं वाटणारं ते नाव थोरल्या मुलाला द्यायचं, एवढीच रीत. आलं कुठून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी जहागीरदार असावा, असं सासऱ्यांचं मत.

घराणं मूळचं इंग्लंडमधल्या यॉर्कचं. गेल्या वर्षी त्यांनी शोध घ्यायचं मनावर घेतलं आणि कारकुनी माझ्याकडे आली.

१८४१ पासूनच्या जनगणनेत माणसं नावानिशी सापडतात, तीही घरबसल्या. आम्हाला मिळाला यॉर्कमधला एक सुतार, वय ४०. मी वजाबाकी केली आणि दोन आठवडे १८०१ साल चाळत बसले. मग कळलं, त्या वेळी मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत. म्हणजे हा गडी ४० ते ४४ मधला कितीचाही! जन्मगावाचं विचारलं होतं तेही 'याच काउंटीतला का?' एवढंच. १८५१ला नेमका पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, लिहून घेतला, पण तोवर हा वारला होता. सरकारी जन्मनोंदणी १८३७ची. त्याच्या मागे जायचं तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, आणि एवढ्याशा जुन्या यॉर्कात पॅरिश वीसहून जास्त.

या वह्या विद्यापीठातल्या बॉर्थविक अभिलेखागारात आहेत. आधी वेळ ठरवून जायचं, आत फक्त पेन्सिल न्यायची. मिन्स्टर हे मोठं चर्च, तटबंदी वगैरे नवऱ्यानं मुलांना दाखवलं. मी आणि सासरे वह्यांची मायक्रोफिल्म फिरवत बसलो. एकाच नावाची तीन मुलं निघाली. दोघांच्या नोंदी एकेका ओळीच्या.

तिसरी, १७९८ची, वाचून मी खुर्चीत सरळ झाले. १७७०च्या दशकात यॉर्कमधल्या विल्यम डेड नावाच्या पाद्र्यानं सविस्तर नोंदींची पद्धत सुरू केली होती. १७७७मध्ये आर्चबिशपांनी ती उचलून धरली. मूल कितवं, बापाचा धंदा, आजा-आजी कोण, आणि आईकडचंही सगळं तसंच. १८१३पासून छापील रकाने आले आणि हा पसारा आटोपला. पाद्र्यांना तेवढंच लिहिणं कमी झालं असेल. आमच्यासारख्यांचं मात्र नुकसान झालं.

त्र्यंबकच्या उपाध्यांच्या चोपडीत माझ्या माहेरचं पान मी पाहिलंय. सात पिढ्या, सगळे पुरुष. इथे सुताराच्या बायकोचा बाप, त्याचं गाव, तिच्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा! बाळाचा बाप सुतार, त्याचा बापही सुतार. हे जुळत होतंच. पण सासऱ्यांचं बोट अडलं ते आईच्या बापाच्या आडनावावर. तेच ते मधलं नाव.

"धंदा काय लिहिलाय?" त्यांनी विचारलं. चष्मा त्यांच्याच नाकावर होता, तरी मला वाचायला लावलं.

"होडीवाला. सेल्बीचा."

जहागीरदार गेला तो गेलाच. सासरे खो-खो हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सेल्बीच्या वह्याही इथेच असतील का गं?"