पायऱ्या आणि पायर्‍या

सह्याद्रीतील किल्ले आणि घाटवाटा यांविषयी जे वाचनीय दिसेल ते जतन करून ठेवण्याची सवय मला बरीच वर्षे आहे. पूर्वी बुकमार्कांवर भागत असे. परंतु हौशी भटक्यांचे ब्लॉग अल्पायुषी असतात, आणि बुकमार्क हा नुसता पत्ता असल्यामुळे घरच पाडले गेले की त्या पत्त्याचा काही उपयोग राहत नाही. वाचायचा मजकूर एखाद्या सेवेच्या हवाली करण्यातही जोखीम असतेच. २००७ साली ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झालेली ‘पॉकेट’ ही सेवा जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आली. म्हणून आता मी ‘ऑब्सिडियन’ हे नोंदींचे ॲप आणि त्याचे ‘वेब क्लिपर’ नावाचे ब्राउझर एक्स्टेंशन वापरतो. या ॲपमधील प्रत्येक नोंद म्हणजे आपल्याच संगणकावरील एका फोल्डरमध्ये असलेली साधी मार्कडाउन फाइल, म्हणजे मांडणीच्या मोजक्या खुणा घातलेला निव्वळ मजकूर असते. उद्या हे ॲप नसले तरी ती फाइल कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडेल.

क्लिपरचे बटण दाबले की ते पानावरील मेनू, जाहिराती आणि बाजूचे रकाने वगळते, मुख्य लेख कोणता असावा याचा अंदाज बांधते, त्याचे मार्कडाउनमध्ये रूपांतर करते आणि शीर्षक, लेखक, प्रकाशनाची तारीख व पानाचा पत्ता नोंदीच्या डोक्यावर मांडते. या मांडणीचे टेम्प्लेट आपल्याला हवे तसे बनवता येते. माझ्या टेम्प्लेटमध्ये ‘पाणी कोणत्या महिन्यात पाहिले’ असा एक रिकामा रकाना आहे, आणि तो मी लेख वाचून हाताने भरतो. गडावरच्या टाक्यात पिण्याचे पाणी आहे असे उत्साहाने लिहिणारे लोक ते सप्टेंबरात पाहिले की एप्रिलमध्ये, हे सहसा लिहीत नाहीत. लेखाच्या तारखेवरून ते कळेल म्हणावे, तर लेख भटकंतीनंतर सहा महिन्यांनी लिहिलेला असतो.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी लागते. क्लिपर चित्रे उतरवून घेत नाही, त्यांचे दुवे तेवढे ठेवते. त्यामुळे वाटेचा हाताने काढलेला नकाशा असेल तर ऑब्सिडियनमधील चित्रे उतरवण्याची स्वतंत्र आज्ञा त्याच दिवशी चालवावी, कारण मूळ पान गेले की नोंदीतील नकाशाही जातो. दुसरे असे की मुख्य लेख निवडताना वाचकांच्या प्रतिक्रिया गळू शकतात, आणि घाटवाटांच्या बाबतीत खरा ऐवज पुष्कळदा तिथेच असतो: गेल्या पावसात अमुक ठिकाणी दरड आली, आता डावीकडून वळसा घ्यावा लागतो, अशा स्वरूपाचा. पानावरील मजकूर माउसने निवडून मग बटण दाबल्यास निवडलेला भाग नोंदीत येतो. तेव्हा अशा प्रतिक्रियांची मी वेगळी नोंद करतो.

हे सगळे बसवून झाल्यावर एकदा मला कातळात खोदलेल्या पायऱ्यांविषयीच्या नोंदी एकत्र हव्या होत्या. ‘पायऱ्या’ असा शोध घेतला, तर हडसर किल्ल्याची नोंद आली आणि हरिहर किल्ल्याची आलीच नाही. हरिहरविषयी लिहिताना त्या उभ्या पायऱ्यांचा उल्लेख कोणी टाळला असेल, हे शक्यच नव्हते. नोंद उघडून पाहिली तर शब्द डोळ्यांसमोर होता, आणि शोधाला तो दिसत नव्हता.

कारण शोधता शोधता अर्धा दिवस गेला. ‘ऱ्या’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे लिहिले जाते. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे ‘या’ असते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर या ‘ऱ’साठी वेगळी कळच आहे. दुसऱ्या पद्धतीत नेहमीचा ‘र’, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ‘या’ येते. पडद्यावर ‘पायऱ्या’ आणि ‘पायर्‍या’ सारखेच दिसतात, पण शोध दिसण्यावर चालत नाही, आतले संकेतांक जुळवून चालतो. ‘ॲ’चीही तीच कथा आहे. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवले जाई, कोणी मध्ये ते अदृश्य चिन्ह घालत असे, कोणी घालत नसे, आणि हे तिन्ही प्रकार आजही जालावर सुखाने नांदत आहेत.

क्लिपरच्या टेम्प्लेटमध्ये मजकूर नोंदीत जाण्यापूर्वी त्यात अदलाबदल करणारा ‘रिप्लेस’ नावाचा फिल्टर लावता येतो. मी घाईघाईने, सगळी भानगड अदृश्य चिन्हाची आहे तर तेच काढून टाकावे, असा फिल्टर लावला. दुसऱ्या दिवशी जतन केलेल्या लेखात सह्याद्रीत चक्क ‘खोल दर्या’ उसळू लागल्या आणि पायऱ्यांच्या ‘पायर्या’ झाल्या. ते चिन्ह निघाले की ‘र’चा रफार होतो, हे शाळेत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक घोकलेल्या माणसाला आधी सुचायला हवे होते. आता फिल्टर ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवतो, आणि चंद्राच्या ‘अ’चे जुने दोन्ही प्रकार बदलून ‘ॲ’ करतो. आधीच्या सुमारे ३०० नोंदी साध्या फायली असल्यामुळे एडिटरमधून एका दमात सुधारता आल्या. हरिहर सापडला.

युनिकोडपूर्व काळातील पानांवर मात्र हा उपाय चालत नाही. ‘शुषा’ किंवा ‘शिवाजी’ यांसारख्या फाँटमध्ये लिहिलेल्या पानाचा मजकूर मुळात रोमन अक्षरांचा असतो आणि फाँट त्याला देवनागरीचे रूप देतो. मार्कडाउनमध्ये फाँट येत नसल्यामुळे नोंदीत रोमन अक्षरांची निरर्थक रांग तेवढी उतरते. असे पान मी ‘सिंगलफाइल’ या दुसऱ्या एक्स्टेंशनने फाँटसकट एकाच फाइलमध्ये जसेच्या तसे ठेवतो. ते शोधात सापडत नाही, म्हणून सोबत एक नोंद करून तिच्यात किल्ल्याचे नाव, तालुका आणि चार-सहा मुख्य शब्द स्वतः टाइप करतो. त्यांत ‘पायऱ्या’ असतातच.