भिंतीवरची आडवी रेघ

१२ जुलै, रात्री साडेदहा

सकाळी सहाला उठले तेव्हा पाऊस नव्हता, पण आभाळ गच्च. फोटोंना असाच उजेड बरा. कडक उन्हात काळा दगड नुसता कोळसा दिसतो आणि मागचं आकाश पांढरंफटक उडतं. कॅमेरा गळ्यात अडकवून ऐटीत निघाले. भिडे पुलावर पोचल्यावर कळलं की कार्ड घरी, संगणकातच राहिलंय. मग दिवसभर मोबाइलच.

पूल मोकळा होता. बाकीच्या जगात पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत असतील, आमच्याकडे पुण्यात 'भिडे पूल बुडाला का?' एवढंच विचारतात. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की आधी हाच पाण्याखाली जातो. आज मुठा कडेकडेने वाहत होती. मधल्या खडकावर एक वंचक बगळा मान आखडून बसला होता, शेजारी थर्माकोलचं मखर. मखर नको म्हणून मी दोन पावलं सरकले, तर मागे मेट्रोचा खांब आला. परत जागेवर आले. मखर, वंचक, सगळंच घेतलं. नाहीतरी ही नदी अशीच आहे, मी तिला कशाला आवरून-सावरून बसवू?

ओंकारेश्वराच्या आवारात चिमाजीअप्पांची समाधी आहे. वसई घेतली १७३९ साली आणि पुढच्याच वर्षी गेले. मी दर वेळी तिथे थांबते, फोटो मात्र एकदाही धड आलेला नाही.

तिथून नवा पूल. पाटीवर 'छत्रपती शिवाजी पूल' आहे, पण जुन्या पेठकरांच्या तोंडी नवाच. हा नवा पूल १९२३चा. तिकडे डेक्कनकडचा 'लकडी पूल' दगडी आहे. पानिपतानंतर तिथे लाकडी पूल बांधला होता. तो केव्हाच वाहून गेला, नाव राहिलं. या गोष्टी फोटोत येतच नाहीत. म्हणून हल्ली प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहायची सवय लावून घेतली आहे. घरचे म्हणतात, फोटो कमी आणि मजकूर जास्त.

पुलावर एक गृहस्थ स्कूटर थांबवून उतरले, डिकीतून निर्माल्याची पिशवी काढली, कठड्यावरून खाली टाकली आणि हात जोडले. मी मोबाइल वर धरलेला पाहून म्हणाले, "फुलंच आहेत हो, कुजतात." फुलं कुजतील, पण पिशवीचं काय? हे मला घरी आल्यावर सुचलं. माझी उत्तरं नेहमी अशीच उशिरा येतात.

नऊच्या सुमारास कसब्यात तांबट आळीत वळले. इथे आधी कान पोचतात, मग डोळे. एक कारागीर बंबाएवढं भांडं मठारत होता. ठोका, किंचित फिरवणं, पुन्हा ठोका. प्रत्येक ठोक्याचा नखाएवढा खड्डा, शेजारच्याला चिकटून, ओळ न मोडता. मान वर न करता तो म्हणाला, "ताई, फोटो झाले असतील तर एक लोटी तरी न्या." घेतली. आता हे लिहिताना ती शेजारीच आहे. दिव्याखाली तिच्यावर इतके लहान लहान दिवे चमकतायत की तिचाच फोटो आजचा सगळ्यात बरा यावा.

पण आज निघाले होते ते रेघेसाठी. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेतचं बांधकाम चालू असलेलं धरण फुटलं, त्या लोंढ्याने मग खडकवासला फोडलं, आणि भर दिवसा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आदल्या रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते, म्हणून निदान उजाडेपर्यंत धरण टिकलं. रात्री फुटतं तर काय झालं असतं, हा विचार इकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो.

आमच्या मागच्या वाड्यात जिन्याच्या भिंतीवर तैलरंगाची आडवी रेघ आहे, खाली तारीख. चार वर्षं मी दर १२ जुलैला तिचा फोटो काढते आणि चारही फोटो वाया गेलेत. भिंत, त्यावर रेघ. ती घोट्याशी आहे की डोक्यावर, काही कळत नाही.

आज तळमजल्यावरच्या आजींना म्हटलं, "आजी, जरा रेघेखाली उभ्या राहता?"

"अगं, पदर तरी नीट करू दे."

उभ्या राहिल्या. आपण होऊनच हात वर केला, चवड्यांवर उचलल्या. बोटं रेघेच्या वीतभर खालीच राहिली. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. फोटो जरासा हलला आहे, पण पुन्हा काढू द्या म्हणायचा मला धीर झाला नाही.

चहा घेताना म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी घरात परतलो तर गुडघाभर गाळ. कपाटं फुगलेली, दारं उघडेनात. पाटा जागच्या जागी होता, वरवंटा मात्र गाळ उपसताना कुठे फेकला गेला कोण जाणे. त्या पाटा दाखवायला मोरीपाशी घेऊन गेल्या. काळा, मधे घासून खोलगट झालेला. त्यावरचा वरवंटा करड्या दगडाचा आणि चार बोटं जास्तच लांब, एका बाजूने बाहेर आलेला.

"हा याच्या जोडीचा नाही ना?"

"नाही गं," आजी म्हणाल्या, "हा नवा. पुरानंतर आणलेला."